नेमबाज, बंदूक आणि बंदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात कुठे शाळेत किंवा प्रार्थनास्थळात गोळीबार झाला की दोन-चार दिवसांत कायदा कडक करण्याची मागणी होते आणि पाठोपाठ नेमबाजी संघटनांचा विरोधही येतो. ज्याने कधी रेंज पाहिलेली नाही त्याला हा विरोध निर्दयपणाचा वाटतो. माणसं गेली आणि यांना आपल्या खेळाची पडलीय, असं तो म्हणतो. मी रायफल चालवतो, नवशिक्यांना शिकवतो, त्यामुळे हे प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतात. त्यांना टाळाटाळ न करता उत्तरं द्यायला हवीत असं मला वाटतं, म्हणून हे लिहिलं आहे.

नेमबाजांचा विरोध नेमका कशाला असतो? नियमच नकोत असं त्यांचं म्हणणं आहे का?

नियम नको असलेला माणूस या खेळात महिनाभरही टिकणार नाही. बंदुकीविषयीचे नियम ढोबळमानाने चार गोष्टींवर रोखलेले असतात. काही माणसावर : त्याची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, प्रशिक्षण. काही साठवणुकीवर : कपाट कसलं, चावी कोणाकडे, काडतुसं कुठे. काही वस्तूवर : कोणतं मॉडेल, किती कॅलिबर (म्हणजे नळीचा व्यास), मॅगझिनमध्ये किती गोळ्या. आणि काही संख्येवर : एकाजवळ किती हत्यारं असावीत.

पहिल्या दोन प्रकारांवर बहुतेक नेमबाज कुरकुरत का होईना, राजी होतात. खरी भांडणं तिसऱ्या आणि चौथ्यावर होतात. माझं स्वतःचं मत असं की माणसावरचे आणि साठवणुकीवरचे नियम जितके कडक कराल तितके करा, आम्ही ते पाळू. पण त्या दोन ठिकाणी ढिसाळपणा करायचा आणि मग एखाद्या दुर्घटनेनंतर घाईने वस्तूंची यादी काढून मोकळं व्हायचं, याला माझा विरोध आहे.

सगळे नेमबाज असंच मानतात का? नाही. कसलाच नवा नियम नको म्हणणारे आहेत, आणि घरात बंदूक ठेवायलाच बंदी असावी म्हणणारे नेमबाजही मी पाहिले आहेत.

खेळातली बंदूक वेगळी असते ना? मग तिला कायद्यातून वगळलं की प्रश्न मिटला.

काही बाबतीत वेगळी असते, काही बाबतीत अजिबात नसते. इथे आमचे लोकही सोयीचं तेवढंच बोलतात.

१० मीटरची एअर रायफल घ्या. ती दाबलेल्या हवेवर चालते, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सोडते, एका वेळी एकच. तिच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, म्हणजे जेमतेम टिंब. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. ५० मीटरच्या रायफलीत पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरचं, काडतूस असतं, तीही एकेक गोळी भरून चालवायची. स्वप्निल कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते त्या रायफलीवर, तीन पोझिशनच्या, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून खेळायच्या, प्रकारात. अशा रायफली इतक्या अवजड आणि इतक्या नेमक्या कामासाठी बनवलेल्या असतात की दुसऱ्या कुठल्या कामाला त्या गैरसोयीच्याच.

पण २५ मीटरचं पिस्तूल अर्ध-स्वयंचलित असतं, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाते, पाच गोळ्यांचं. क्ले टार्गेटला, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडायला, वापरतात ती १२ बोअरची बंदूक शिकारीच्या बंदुकीची सख्खी बहीण आहे. आणि ऑलिम्पिकबाहेरच्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, जिथे धावत, वळत, आडोशामागून नेम धरायचा असतो, तिथे ९ मिलिमीटरची साधी पिस्तुलं चालतात, पोलिसांकडे असतात तशीच. तेव्हा ‘खेळाची बंदूक’ असा एक सरसकट वर्ग काढता येत नाही. कायदा करणाऱ्यांची अडचण खरी आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे.

रेंजवर सुरक्षितता कशी पाळतात?

मालिका संपली, अधिकाऱ्याने ‘स्टॉप’ म्हटलं की बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर येतं. मग बोल्ट मागे. चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे हे स्वतः वाकून बघायचं, आठवणीवर विसंबायचं नाही. मग नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालायचा. एअर रायफलीत हा फ्लॅग म्हणजे एक दोरी असते, ती अख्ख्या बॅरलमधून (नळीतून) जाते आणि दोन्ही टोकांना बाहेर दिसते, म्हणजे दहा पावलांवरून कोणालाही कळतं की आत काही नाही. त्यानंतरच रायफल खाली ठेवायची आणि फायरिंग लाइनवरून मागे यायचं. समोर कोणी गेलेलं असताना हत्याराला हात लावायचा नाही, अगदी पुसण्यासाठीसुद्धा. नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने.

नवशिक्याला सुरुवातीला मी गोळी देतच नाही, एवढंच करून घेतो. ज्याला याचा कंटाळा येतो त्याला मी दुसरा खेळ सुचवतो. याच सवयींमुळे नेमबाजाला वाटतं की आपल्यावर अविश्वास का? भावना समजण्यासारखी आहे. पण रेंजवरची शिस्त घरी टिकतेच असं नाही, आणि त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

स्वतःच्या मालकीची बंदूक कशाला हवी? क्लबमध्ये ठेवायची, तिथेच वापरायची.

हा सगळ्यांत रास्त प्रश्न आहे. सुरुवातीच्या टप्प्यात तसंच असावं, क्लबचंच हत्यार वापरावं. पण पुढे जाऊन ते पुरत नाही. स्पर्धेची रायफल अंगाला बसवलेली असते : खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाखालची पट्टी, डोळ्यापासून साइटचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. पिस्तुलाची लाकडी मूठ तर तळहाताच्या ठशासारखी असते. खेळाडू ती सँडपेपरने घासतो, जिथे पोकळी राहते तिथे पुट्टी भरतो, पुन्हा घासतो, आणि हे काम वर्षानुवर्षं चालतं. ट्रिगरचा दाब, त्याचा पहिला टप्पा कुठे संपतो, हे बोटाला पाठ झालेलं असतं. पॉइंट टू टूच्या बॅरलला तर काडतुसांचा कोणता लॉट मानवतो हेसुद्धा तपासून घ्यावं लागतं. दुसऱ्याच्या रायफलीवर गुण येत नाहीत, हे अंधश्रद्धेतून आलेलं नाही.

मात्र मालकी आणि घरी ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मालकीची रायफल क्लबच्या तिजोरीत राहू शकते. याला नेमबाजांचे आक्षेप असे : सगळी हत्यारं एका जागी ठेवली तर चोरांना एकच ठिकाण फोडावं लागतं, सगळ्या क्लबांना तशी तिजोरी आणि राखण परवडत नाही, आणि घरी बिनगोळीचा सराव करता येत नाही. तिसरा आक्षेप बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल, पण चांगल्या नेमबाजाचा निम्म्याहून अधिक सराव गोळीशिवाय, भिंतीवरच्या टिंबाकडे बघत होतो. स्वित्झर्लंडमध्ये लष्करी हत्यारं घरांऐवजी शस्त्रागारात ठेवावीत असा प्रस्ताव २०११ मध्ये जनमताला टाकला गेला होता, तो ५६ टक्के मतांनी फेटाळला गेला.

मला विचाराल तर जिथे क्लबची व्यवस्था पक्की आहे तिथे मोठ्या कॅलिबरची हत्यारं तिथेच ठेवायला हरकत नसावी. या मतामुळे माझे काही सहकारी माझ्यावर नाराज आहेत.

ब्रिटनमधल्या पिस्तूलबंदीचं उदाहरण सतत का दिलं जातं?

कारण एका पूर्ण क्रीडाप्रकाराला कायद्याने देशाबाहेर काढल्याचं ते सर्वांत ठळक उदाहरण आहे.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केलं. पिस्तुलं परवान्याची होती. तो नेमबाजी क्लबमध्ये जात असे. त्याच्याविषयी पूर्वी तक्रारी होत्या. १९९१ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने त्याचा परवाना काढून घ्यावा असं वरिष्ठांना लेखी कळवलंही होतं. काही झालं नाही.

न्यायाधीश लॉर्ड कलन यांनी चौकशी केली. सरसकट बंदी ही त्यांची पहिली सूचना नव्हती. वापरात नसताना पिस्तुलांचे महत्त्वाचे भाग काढून ठेवावेत किंवा बॅरलला कुलूपबंद अडसर बसवावा, यासारख्या उपायांचा विचार व्हावा असं त्यांनी सुचवलं. ते जमत नसेल तर व्यक्तींकडे अशी पिस्तुलं ठेवण्यावर बंदीचा विचार करावा, असा क्रम होता. सरकार त्यापुढे गेलं. १९९७ मध्ये आधी पॉइंट टू टूपेक्षा मोठी पिस्तुलं बंद झाली, मग सत्ताबदलानंतर त्याच वर्षी पॉइंट टू टूचीही. सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुलं सरकारजमा झाली, भरपाई दिली गेली. या बंदीमागे मृतांच्या कुटुंबांच्या मित्रपरिवाराने उभारलेली सह्यांची प्रचंड मोहीम होती.

खेळाचं काय झालं? एअर पिस्तूल वाचलं. २५ आणि ५० मीटरचे पिस्तूल नेमबाज सरावासाठी परदेशात जाऊ लागले. २००२ ची मँचेस्टरची राष्ट्रकुल स्पर्धा आणि २०१२ चं लंडन ऑलिम्पिक यांसाठी सरकारला खास सवलती द्याव्या लागल्या, कारण नाहीतर यजमान देशात स्पर्धाच बेकायदा ठरली असती.

नेमबाज या कहाणीत सांगतात की परवाना देणाऱ्या यंत्रणेने डोळे मिटले आणि शिक्षा हजारो निरपराध खेळाडूंना झाली. हे खरं आहे. गेलेल्या मुलांचे पालक सांगतात की यंत्रणा कधी ना कधी डोळे मिटणारच, म्हणून वस्तूच नको. हे ऐकताना मला उत्तर देणं जड जातं. यंत्रणा चुकणारच, हे गृहीत धरून नियम बनवायचे का, हाच खरा वाद आहे. माझं म्हणणं एवढंच की एका लेखी इशाऱ्यावर कारवाई झाली असती तर तो परवाना राहिला नसता, आणि पुढच्या इशाऱ्यावर तरी कारवाई होईल अशी व्यवस्था करणं बंदीनंतरही तितकंच गरजेचं होतं.

ऑस्ट्रेलियात तर बंदी आली, तरी तिथे नेमबाजी चालू आहे. मग तक्रार कसली?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला ब्रिटनपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला ३५ जणांची हत्या झाली. त्या माणसाकडे परवाना नव्हता. काही दिवसांतच सगळ्या राज्यांनी मिळून राष्ट्रीय करार केला. अर्ध-स्वयंचलित रायफली सर्वसामान्यांसाठी बंद, सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास हत्यारं विकत घेऊन नष्ट केली, आणि परवान्यासाठी ‘खरं कारण’ दाखवणं सक्तीचं झालं. क्लबमधली नेमबाजी हे खरं कारण मानलं गेलं. स्वसंरक्षण मानलं गेलं नाही.

मग ऑक्टोबर २००२ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात गोळीबार झाला, दोघे गेले, आणि हल्लेखोर परवानाधारक पिस्तूल नेमबाज होता. त्यानंतर पिस्तुलांची नळी, कॅलिबर, मॅगझिन यांवर मर्यादा आल्या. सोबत एक नियम असा आला जो मला फार शहाणपणाचा वाटतो : नव्या सभासदाला सुरुवातीचे महिने स्वतःचं पिस्तूल घेता येत नाही, क्लबच्याच हत्यारावर सर्वांच्या नजरेसमोर खेळावं लागतं. नुसता कागदोपत्री सभासद असून भागत नाही, वर्षात ठरावीक स्पर्धा खेळल्याचं दाखवावं लागतं. क्लबमधले लोक माणूस ओळखू लागतात, हा त्याचा खरा फायदा.

तिथल्या नेमबाजांची तक्रार कागदपत्रांच्या दिरंगाईची, राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या नियमांची आणि दिसण्यावरून ठरवलेल्या वर्गांची आहे. खेळ संपला असं मात्र कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

‘परवानाधारक नेमबाज गुन्हे करत नाहीत’ हे विधान खरं आहे का?

नाही. हे वाक्य आमच्या बाजूने थांबलं पाहिजे.

डनब्लेन आणि मोनॅश वर आलेच. जर्मनीत एरफुर्टला २६ एप्रिल २००२ रोजी शाळेतून काढलेल्या १९ वर्षांच्या मुलाने १६ जणांना मारलं. तो नेमबाजी क्लबचा सभासद होता. त्याच दिवशी जर्मन संसदेत शस्त्रकायद्याची सुधारणा मंजूर होत होती. ती अमलात येण्याआधीच पुन्हा कडक करावी लागली : मोठ्या कॅलिबरसाठी वयाची अट २१ वर आली आणि पंचविशीखालच्यांना पहिलं हत्यार घेण्यापूर्वी मानसिक योग्यतेचा दाखला सक्तीचा झाला. ११ मार्च २००९ ला विनेंडनमध्ये १७ वर्षांच्या मुलाने १५ जणांचा जीव घेतला. पिस्तूल वडिलांचं, वडील क्लबचे नेमबाज. त्यांच्याकडे बाकीची हत्यारं तिजोरीत होती, हे एक बेडरूममध्ये बाहेर होतं. न्यायालयाने वडिलांना निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलं. त्यानंतर जर्मनीत अधिकारी पूर्वसूचना न देता घरी येऊन साठवण तपासू शकतात.

या तपासणीला तिथे बराच विरोध झाला, घराच्या खाजगीपणाचा मुद्दा काढला गेला. मला तो विरोध पटलेला नाही. ज्या तिजोरीच्या भरवशावर समाज आपल्याला हत्यार ठेवू देतो, ती दाखवायला लाज कसली?

हे खरंच आहे की परवानाधारक नेमबाजांच्या लाखोंच्या संख्येत असे लोक अगदी विरळ असतात, आणि रोजच्या टोळीयुद्धात, लुटालुटीत वापरली जाणारी हत्यारं बहुतेक ठिकाणी बेकायदाच असतात. पण ‘विरळ’ म्हणणं आणि ‘नाहीतच’ म्हणणं यांत जे अंतर आहे त्यात तीन शाळांची आणि एका विद्यापीठाची पटावरची नावं येतात. ते आपण आधी मान्य केलं तरच पुढचं बोलणं कोणी ऐकेल.

कॅनडाने ऑलिम्पिक नेमबाजांना सूट दिली आहे. तरी तिथले नेमबाज नाराज का?

कॅनडात एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात २२ जणांची हत्या झाली. मारेकऱ्याकडे परवाना नव्हता, बरीचशी हत्यारं अमेरिकेतून तस्करी करून आणलेली होती. १ मे रोजी सरकारने सुमारे १,५०० मॉडेलांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची खरेदी-विक्री आणि हस्तांतर गोठवलं, डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा कायदा झाला. ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे राहिली, नवीन मिळणार नाहीत. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक प्रकारांत खेळणाऱ्यांना अपवाद.

इथली नाराजी मला पटते, आणि ती दोन कारणांनी. पहिलं, घटना घडली चोरट्या आणि विनापरवाना हत्यारांनी, आणि नियम आला परवानाधारकांवर. दुसरं कारण खेळाच्या रचनेत आहे. ऑलिम्पिकपटू आकाशातून पडत नाही. क्लबमध्ये शनिवारी येणारे हौशी, जिल्हा पातळीवर खेळणारे, वयाने मोठे झालेले आणि आता मुलांना शिकवणारे, या सगळ्यांच्या वर्गणीवर रेंज चालते. वरच्या मोजक्यांना सूट द्यायची आणि खाली नवा माणूस येण्याची वाट अरुंद करायची, तर काही वर्षांनी सूट द्यायलाही कोणी उरत नाही. आणि प्रॅक्टिकल शूटिंगवाले ऑलिम्पिकमध्ये नाहीत म्हणून त्यांच्यासाठी दारच बंद झालं.

मॉडेलांच्या यादीविषयीही एक गोष्ट. यादी पुष्कळदा बाह्यरूपावर ठरते : काळा प्लास्टिकचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ. स्पर्धेच्या रायफलीलाही पिस्तुलासारखी मूठ असते, मनगट सरळ राहावं म्हणून. गोळी किती वेगाने जाते, एकामागून एक किती सुटतात, हे निकष लावले तर चर्चा करता येते. रंगरूपावर चर्चा काय करणार?

स्वित्झर्लंडमध्ये तर घराघरात बंदुका. तिथे निर्बंधच नाहीत का?

आहेत, आणि वाढलेही आहेत. युरोपीय संघाचे नवे नियम स्वीकारण्याविरुद्ध तिथल्या नेमबाजी संघटनांनी जनमत घ्यायला लावलं. १९ मे २०१९ ला जवळपास ६४ टक्के लोकांनी नियमांच्या बाजूने मत दिलं. मोठ्या मॅगझिनची अर्ध-स्वयंचलित हत्यारं घेणाऱ्याला आता क्लबचं सभासदत्व किंवा नियमित नेमबाजी दाखवावी लागते. नेमबाज हरले, खेळ चालू आहे.

नेमबाज संघटना म्हणजे अमेरिकेतल्या बंदूक लॉबीचीच शाखा ना?

अमेरिकेतली नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये स्थापन झाली ती यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी फारच कच्ची निघाली म्हणून. कित्येक दशकं ती मुख्यतः प्रशिक्षण आणि स्पर्धा यांचीच संस्था होती. १९३४ मध्ये पहिल्या मोठ्या संघराज्यीय शस्त्रकायद्याच्या सुनावणीत तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी साक्ष दिली. हे १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये पिस्तुलात तीन सुवर्णपदकं मिळवलेले नेमबाज. सरसकट सगळ्यांनी हत्यार बाळगत फिरावं हे आपल्याला कधीच पटलेलं नाही, त्यावर कडक मर्यादा आणि परवाना हवा, असं त्यांनी तिथे सांगितलं. १९७७ च्या सिनसिनाटीच्या अधिवेशनात संस्थेची सूत्रं कायद्यांना कडवा विरोध करणाऱ्या गटाकडे गेली आणि तिची ओळखच बदलली.

जगातल्या बाकी नेमबाजांना हे ओझं विनाकारण वाहावं लागतं. अमेरिकेतला वाद घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा, आणि स्वसंरक्षणाच्या हक्काचा आहे. खेळाचा युक्तिवाद वेगळा : हत्यार हे माझं साधन आहे, ते कुलपात राहतं, रेंजवरच उघडतं, आणि मी ते कशासाठी बाळगतो हे दरवर्षी सिद्ध करायला तयार आहे. हे दोन युक्तिवाद एकत्र केले की आपलाच पाय खोलात जातो. इतर देशांतल्या ज्या संघटना अमेरिकन घोषणा जशाच्या तशा उचलतात, त्यांनी आपल्या खेळाचं नुकसान केलं आहे.

भारतात नेमबाजांसाठी काय नियम आहेत?

मूळ कायदा १९५९ चा, नियमावली २०१६ ची. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. विधेयकात आधी एकच असं होतं, चर्चेनंतर दोन झाली. नेमबाजांच्या सवलती मात्र शाबूत ठेवल्या, आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने त्या वाढवल्या : नामांकित आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या नेमबाजांना, ते किती प्रकार खेळतात त्यानुसार, जास्तीत जास्त १२ हत्यारं ठेवता येतात. काडतुसांचा वार्षिक कोटाही वाढला. ठरावीक मर्यादेतल्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि भारतातली बहुसंख्य मुलं नेमबाजी सुरू करतात ती त्यावरच.

त्याच दुरुस्तीत लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. एकाही नेमबाजाने याला विरोध केल्याचं मी ऐकलं नाही.

निर्बंधांनी हिंसा कमी होते का?

कोणत्या निर्बंधाने आणि कोणती हिंसा, यावर ते आहे. ब्रिटनमध्ये पिस्तूलबंदीनंतरही काही वर्षं पिस्तुलाच्या गुन्ह्यांची नोंद वाढत गेली आणि मग उतरली. दोन्ही बाजू आपापल्या सोयीची वर्षं निवडतात. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर बंदुकीने होणारे मृत्यू घटले. ते आधीपासूनच घटत होते, म्हणून कायद्याचा वाटा किती यावर संशोधक भांडतात. पण पोर्ट आर्थरएवढं हत्याकांड त्यानंतर दोन दशकांत तिथे झालं नाही, हेही नाकारता येत नाही.

साठवणुकीच्या कायद्यांविषयी पुरावा अधिक ठाम आहे. अमेरिकेतल्या रँड या संस्थेने उपलब्ध अभ्यास चाळून काढलेला निष्कर्ष असा की मुलांच्या हाती हत्यार पडू नये यासाठीच्या कायद्यांनी तरुणांच्या आत्महत्या आणि अपघाती इजा कमी होतात.

आत्महत्यांचा मुद्दा नेमबाज का टाळतात?

कारण तो ‘वाईट माणसां’विषयी नाही, आपल्याच घरांविषयी आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मनाचा तो काळा तास पुष्कळदा निघून जातो, पण हाताशी हत्यार असेल तर तो निघून जायला वेळ मिळत नाही. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये सैनिकांना आठवडाअखेरच्या सुट्टीत रायफल घरी न्यायला मनाई केली, आणि सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घरी साठवण्याच्या बाजूने मी वर जे लिहिलं, त्याच्या विरोधात जाणारा हा पुरावा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

क्लबांनी इथे काम करायला हवं. एखादा सभासद घटस्फोटातून, कर्जातून, आजारपणातून जात असेल तर त्याची हत्यारं काही काळ क्लबच्या तिजोरीत ठेवून घ्यायची, कसली चौकशी नाही, कसला ठपका नाही. परवाना कायमचा जाईल या भीतीने माणूस बोलत नाही. ही भीती कायद्यानेच काढून टाकावी, ही मागणी नेमबाज संघटनांनी करायला हवी. आणि कोणी जवळचं माणूस अशा अवस्थेत असेल तर त्याच्याशी बोला, डॉक्टरांपर्यंत न्या, हत्यार त्याच्या आवाक्यातून त्याच दिवशी हलवा.

शिशावरच्या बंदीचं काय?

हा पर्यावरणाचा प्रश्न आहे आणि बंदुकीवरच्या निर्बंधांत तो उगाच मिसळला जातो. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत शिशाच्या छर्‍यांना मनाई आहे. शिसं विषारी आहे. बंद रेंजवर हवा खेळती हवी, सरावानंतर हात धुवायचे, आणि झाडू मारून धूळ उडवायची नाही.

मग नेमबाजांना कोणते नियम मान्य असावेत?

माझ्यापुरतं सांगतो. परवान्याआधी क्लबमध्ये देखरेखीखालचा काळ, निदान सहा महिने. क्लबच्या पदाधिकाऱ्यांना संशय आला तर कळवण्याची कायदेशीर जबाबदारी, आणि कळवलं तर संरक्षण. पोलिसांकडे आलेल्या प्रत्येक इशाऱ्यावर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय. कौटुंबिक हिंसेची तक्रार आली की निकालाची वाट न पाहता हत्यार जमा. न सांगता होणारी तिजोरीची तपासणी. खेळणं बंद केलं की परवानाही बंद.

बदल्यात मागणी अशी : अर्जावर वर्षानुवर्षं बसून राहू नका. कॅलिबर आणि क्षमतेवर नियम करायचे तर आधी रेंजवर येऊन ती हत्यारं बघा. आणि हौशी खेळाडूला ऑलिम्पिकपटूपेक्षा कमी विश्वासू समजू नका, कारण पदक हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नसतं.

माझ्या मुलीला हा खेळ शिकायचाय, पण घरात बंदूक नको. जमेल का?

जमेल. १० मीटरच्या रेंजवर क्लबची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल मिळतं, आणि पहिली दोन-तीन वर्षं तेवढं पुरतं. घरी करायचा सराव बंदुकीशिवायही होतो : तोल, श्वास, एका जागी स्थिर उभं राहणं, पाठ आणि पायांचा व्यायाम. क्लब निवडताना गुण किती येतात हे विचारण्याआधी सराव संपल्यावर हत्यारं कोण मोजून कुलपात ठेवतं ते विचारा. चाव्या कोणाकडे असतात तेही विचारा. उत्तर द्यायला कोणी घुटमळलं तर दुसरा क्लब बघा.